आधी हिशेब, मग चार्ट: कोकणातल्या नव्या गुंतवणूकदारासाठी शेअर खरेदीची पद्धत

कोकणात पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराचा वाशीच्या दलालाकडचा हिशेब मे-जूनमध्ये पुरा होतो. यांत्रिक होडीवाल्याची कमाई ३१ मेपर्यंत, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मालवण-तारकर्लीला घरात पाहुणे ठेवणाऱ्यांचे दिवस म्हणजे दिवाळी, नाताळ आणि मे महिना. पगारदार माणूस दर महिन्याला पाच हजारांची एसआयपी लावून मोकळा होतो, त्यामुळे 'कधी घ्यायचं' हा प्रश्न त्याला फारसा छळत नाही. आपल्याकडे वर्षाची शिल्लक एकदम हातात येते आणि नेमकी त्याच आठवड्यात ती कुठेतरी लावून टाकायची घाई होते. बाजार तेव्हा महाग असला तरी.

म्हणून इथल्या नव्या गुंतवणूकदाराला दोन्ही गोष्टी यायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. कंपनीची किंमत काढायची ती मूल्याधारित गुंतवणुकीच्या पद्धतीने, आणि खरेदीची वेळ ठरवायची ती चार्ट बघून. मात्र क्रम कधीही उलटा करायचा नाही. काय घ्यायचं आणि जास्तीत जास्त कितीला, हे हिशेबाने ठरतं. आज घ्यायचं की थांबायचं, एवढंच चार्टला विचारायचं. चार्ट आधी उघडला की वर धावणारी रेघ डोक्यात बसते, आणि मग हिशेब तिला पटेल असा मांडला जातो.

पैसे बाजूला काढणं

शेअरमध्ये घालायचा पैसा म्हणजे पुढची पाच वर्षं ज्याची गरज लागणार नाही तो. बागायतदाराने पुढच्या मोहोराच्या फवारण्या, खत, राखणदाराची मजुरी आणि पेट्यांचा खर्च आधी वेगळा ठेवावा. होडीवाल्याने जाळी, इंजिनाचं काम, ऑगस्टमधल्या पहिल्या फेऱ्यांचं डिझेल आणि बर्फ. मोहोर करपला किंवा वादळाने फेऱ्या बुडाल्या तर वर्षभर घर चालेल एवढी रक्कम बँकेत. यातून उरलं ते गुंतवणुकीचं. तेही जूनमध्ये सगळं एकदम नाही: लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येणारा, कमी जोखमीचा म्युच्युअल फंड) किंवा छोट्या मुदत ठेवींत ठेवायचं आणि संधी येईल तसं काढायचं. पैसा रिकामा पडलाय म्हणून केलेली खरेदी सहसा महागातच पडते.

कर्ज काढून शेअर नाहीत. फ्युचर्स-ऑप्शन्स (शेअरच्या पुढच्या भावावर लावलेले सौदे) नाहीत. सेबीने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ जण तोट्यात होते, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. हा लेख त्या खेळाचा नाही.

डीमॅट (शेअर ठेवण्याचं) आणि ट्रेडिंग (ते घेण्या-विकण्याचं) खातं उघडणं आता मोबाइलवर होतं, त्यात वेळ घालवत नाही. ब्रोकर सेबीकडे नोंदणीकृत आहे का ते बघा, नॉमिनीचं नाव भरा आणि पासवर्ड कुणालाही देऊ नका, गणपतीला मुंबईहून आलेल्या सख्ख्या पुतण्यालाही नाही.

धंदा कळतोय का?

पहिली चाळणी ही. रत्नागिरीजवळ फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा पीव्हीसीचा मोठा कारखाना आहे, हे इथे बहुतेकांना ठाऊक असतं. पाइप कुठे लागतो, शेतकरी तो कधी घेतो, पावसाळ्यात मागणी का थंडावते, हे बागेत ठिबक घातलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. असं ज्ञान मोलाचं आहे. पण ते अर्धंच: पीव्हीसीचे जागतिक दर २०२१ मध्ये विक्रमी पातळीला गेले आणि २०२२ मध्ये घसरले. अशा धंद्यात नफा लाटांनी येतो, आणि कारखाना गावाजवळ असणं हे काही शेअर स्वस्त असल्याचं कारण होत नाही. (या कंपनीचा शेअर घ्या किंवा घेऊ नका, असं मी सांगत नाही. उदाहरण ओळखीचं असावं एवढाच हेतू.)

सुरुवातीला बँका, फायनान्स कंपन्या आणि विमा बाजूला ठेवा. त्यांचा ताळेबंद वेगळ्या पद्धतीने वाचावा लागतो. त्याचं एक उदाहरण पुढे येतंच.

कागद वाचणं

कंपनीचा वार्षिक अहवाल आणि तिमाही निकाल बीएसई आणि एनएसईच्या साइटवर फुकट मिळतात. तिमाही निकाल तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करणं बंधनकारक आहे. स्क्रीनरसारख्या साइटवर दहा वर्षांचे आकडे एका पानावर दिसतात. नवख्याने तिथून सुरुवात करावी, पण पक्कं करताना मूळ अहवाल उघडावा.

बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. कर्ज: भागधारकांच्या निधीच्या (त्यांचं भांडवल आणि कंपनीत साठलेला नफा) निम्म्याहून कमी असलं तर बरं. भांडवलावरचा परतावा, म्हणजे आरओसीई: सात-आठ वर्षांची सरासरी १५ टक्क्यांच्या वर हवी. प्रवर्तकांनी (कंपनी चालवणाऱ्या मालकांनी) आपले शेअर गहाण ठेवलेत का, हे भागधारणेच्या तक्त्यात दिसतं. मोठं गहाण दिसलं की मी ती कंपनी सोडून देते.

सगळ्यात महत्त्वाचा तक्ता मात्र रोकड प्रवाहाचा, आणि नवखे लोक नेमका तोच वगळतात. नफा हा हिशेबाचा आकडा आहे. वाशीला पेट्या गेल्या, पट्टी आली, पट्टीवर रक्कम चांगली आहे, पण दलालाकडून पैसे खात्यात जमाच झाले नाहीत, तर त्या पट्टीवर घर चालत नाही. कंपनीचंही तसंच. गेल्या सात-आठ वर्षांच्या निव्वळ नफ्याची बेरीज करा. त्याच वर्षांतल्या 'कामकाजातून आलेल्या रोकडी'ची बेरीज शेजारी मांडा. नफा ७०० कोटी आणि रोकड ६४० कोटी असेल तर ठीक. नफा ७०० कोटी आणि रोकड ३०० कोटी असेल, तर उरलेले पैसे ग्राहकांच्या उधारीत किंवा गोदामातल्या मालात अडकलेत. ते का अडकलेत हे अहवालात स्पष्ट सापडत नसेल तर पुढे जायचं कारण नाही.

रास्त भाव काढणं

आता वही घ्या. कागदाचीच घ्या असा माझा आग्रह आहे, कारण तिच्यातला आकडा खोडला तर खोडलेला दिसतो.

एक काल्पनिक पाइप कंपनी धरू. गेल्या सात वर्षांत तिची प्रति शेअर कमाई अशी: ११, १३, १२, १७, ३४, २१, १८ रुपये. पाचव्या वर्षी दर चढले होते, कमाई ३४ वर गेली. त्या वर्षी भाव ३४० असता तर पीई (भाव भागिले प्रति शेअर कमाई) फक्त १० दिसला असता, आणि 'स्वस्त आहे, उचला' असं सगळे म्हणाले असते. पण सात वर्षांची सरासरी कमाई १८ रुपये आहे. त्या सरासरीवर ३४० म्हणजे जवळजवळ १९ पट. चक्राने चालणाऱ्या धंद्यात पीई सगळ्यात कमी दिसतो तो बहुधा नफा शिखरावर असतानाच. म्हणून एका वर्षाच्या कमाईवर भाव ठरवायचा नाही.

सरासरी १८ ला किती पट द्यायची? हळूहळू वाढणाऱ्या, कर्ज कमी असलेल्या साध्या कंपनीला मी १५ पट धरते. १५ पट म्हणजे शंभर रुपये घातले तर कंपनी वर्षाला आपल्या वाट्याचे साधारण ६ रुपये ६७ पैसे कमावते, म्हणजे मुदत ठेवीच्या आसपास, वर वाढीची शक्यता. वाढ जोरदार असेल तर कुणी २० धरेल. ते मत आहे, गणित नाही. पण एकदा धरलं की भाव वर गेला म्हणून बदलायचं नाही.

१८ गुणिले १५ म्हणजे रास्त भाव २७०. आपला अंदाज चुकू शकतो, धंद्यावर संकट येऊ शकतं, म्हणून त्यातून ३० टक्के कापायचे. हीच ती 'मार्जिन ऑफ सेफ्टी'. २७० चे ७० टक्के म्हणजे १८९. वहीत लिहा: 'कमाल खरेदी भाव १९०.' त्याखाली दोन-तीन ओळींत लिहा की ही कंपनी का घ्यायची आणि कोणती गोष्ट घडली तर आपलं मत चुकलं असं मानायचं. उदाहरणार्थ: 'कर्ज निधीच्या बरोबरीने गेलं किंवा सलग दोन वर्षं रोकड नफ्याच्या निम्म्यावर आली.' तारीख घाला.

हे लिहून होईपर्यंत चार्ट उघडायचा नाही.

आता चार्ट: फक्त आठवड्याचा

दिवसाचा किंवा पाच मिनिटांचा चार्ट आपल्याला नको. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हीचा भरवसा नसतो, आणि साप्ताहिक चार्टला त्याने काही फरक पडत नाही. शनिवारी सकाळी अर्धा तास पुरे. ट्रेडिंगव्ह्यूवर किंवा ब्रोकरच्या ॲपवर 'साप्ताहिक' निवडा. एक कॅन्डल (चार्टवरची एक उभी पट्टी) म्हणजे एक आठवडा. चार्ट बोनस (फुकट दिलेले जादा शेअर) आणि स्प्लिटसाठी (एका शेअरचे दोन किंवा जास्त करणं) सुधारलेला आहे ना, तेवढं तपासा; नाहीतर स्प्लिटच्या आठवड्यात भाव निम्म्यावर कोसळल्यासारखा दिसतो.

त्यावर तीनच गोष्टी लावा: ४० आठवड्यांची मूव्हिंग ॲव्हरेज, म्हणजे गेल्या ४० आठवड्यांच्या बंद भावांची सरासरी (लोक २०० दिवसांची म्हणतात ती हीच), खाली व्हॉल्यूम (किती शेअरचे व्यवहार झाले), आणि १४ कालावधीचा आरएसआय (खरेदी-विक्रीचा जोर शंभरपैकी आकड्यात दाखवणारी रेघ). यापेक्षा जास्त इंडिकेटर लावले की आपल्याला हवं ते सांगणारा एक तरी त्यात सापडतोच.

सरासरीची रेघ उतरती आणि भाव तिच्याखाली असेल तर कल मंदीचा. स्वस्त शेअर बहुतेक वेळा याच अवस्थेत सापडतात, म्हणून घाबरायचं नाही, पण लगेच घ्यायचंही नाही. आरएसआय तीसच्या खाली म्हणजे विक्री फार झाली एवढंच. मंदीत तो तिथे आठवडेच्या आठवडे पडून राहू शकतो. त्याला मी खरेदीचा इशारा मानत नाही.

मी बघते तो 'तळ'. घसरण थांबून भाव एका पट्ट्यात आडवा चालायला लागतो. त्या पट्ट्याची खालची कड ही आधार पातळी: तिथे आला की कुणीतरी घेतं. वरची कड ही अडथळा पातळी: तिथे आला की अडकलेले लोक विकून सुटतात. आपल्या पाइप कंपनीचा भाव समजा २४० वरून घसरत १६४ ला आला. पुढचे तीन महिने तो १६४ ते १८२ मध्ये फिरला. दोनदा १६४-१६५ ला टेकून वर आला, आणि दुसऱ्या वेळी टेकताना व्हॉल्यूम पहिल्यापेक्षा कमी होता, म्हणजे घाईने विकणारे संपत आले. मग एका शुक्रवारी आठवड्याचा बंद भाव १८६ आला आणि त्या आठवड्याचा व्हॉल्यूम आधीच्या दहा आठवड्यांच्या सरासरीच्या दीडपट होता. तळ फुटला, वरच्या बाजूने.

आता वही उघडा. कमाल भाव १९०, बाजारभाव १८६. दोन्ही अटी जुळल्या. हीच खरेदीची वेळ.

४० आठवड्यांची सरासरी तेव्हा २०५ वर आहे, म्हणजे भाव अजून तिच्याखालीच आहे. पुष्कळ जण सांगतात की भाव सरासरीच्या वर आल्याशिवाय हात लावू नका. मला ते पटत नाही. २०२० चा निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) बघा. जानेवारीत १२,३०० च्या वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. २०० दिवसांच्या सरासरीवर तो परत आला जुलैत, अकरा हजारांच्या जवळ. त्या नियमाने थांबलेला माणूस तळापासून चाळीस टक्क्यांहून जास्त वर खरेदी करत होता. मार्जिन ऑफ सेफ्टी एवढ्या कष्टाने काढायची आणि खात्री होण्याची वाट बघण्यात घालवायची, हे परवडत नाही. अगदी तळाचा भाव पकडायचा नाही, आणि सगळं सुरक्षित दिसेपर्यंतही थांबायचं नाही.

तीन हप्ते

या कंपनीसाठी ६० हजार ठरवलेत असं धरू. एका कंपनीत शेअरमधल्या एकूण पैशाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे हा हिशेब सहा लाख गुंतवणाऱ्याचा. कमी रक्कम असेल तर त्याच प्रमाणात कमी.

पहिला हप्ता २० हजारांचा: १८६ ने १०७ शेअर, १९,९०२ रुपये. ऑर्डर 'मार्केट' (मिळेल त्या भावाने) नाही, 'लिमिट' (आपण ठरवलेल्या भावाच्या आत) टाकायची, विशेषतः छोट्या कंपनीत, कारण तिथे विकणारे मोजके असतात आणि मार्केट ऑर्डर भलत्या भावाला बसू शकते. बाजार सव्वानऊला उघडतो. पहिली पंधरा मिनिटं सोडून द्या. सोमवारी रेंज मिळेल की नाही याची शंका असेल तर बऱ्याच ब्रोकरच्या ॲपमध्ये जीटीटी ऑर्डर (ठरवलेला भाव आला की आपोआप जाणारी) असते, ती आधीच लावून ठेवता येते. शेअर खरेदीनंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी डीमॅटला जमा होतात.

दुसरा हप्ता, भाव वर जाऊन परत खाली आला आणि जुन्या अडथळ्यापाशी, म्हणजे १८२ च्या आसपास थांबून वळला तर. समजा तो तिथून वळून १८८ ला आला, तेव्हा १०६ शेअर घेतले. तिसरा हप्ता पुढचा तिमाही निकाल वाचल्यावर, आणि भाव अजून १९० च्या आत असेल तरच.

भाव परत आलाच नाही आणि थेट २१५ ला गेला तर? मग २० हजारांचीच खरेदी झाली, ४० हजार बँकेत राहिले. तिथेच ते दुसऱ्या कंपनीची वाट बघतील. इथेच माणसं वहीतला १९० खोडून २२० करतात. नवा निकाल येऊन सरासरी कमाई खरोखर वाढली असेल तर पूर्ण हिशेब नव्याने करा, त्यातून येईल तो आकडा लिहा. नुसता भाव वाढला हे आकडा बदलण्याचं कारण नाही.

उलट, आठवड्याचा बंद भाव १६४ च्या खाली आला तर पुढचे हप्ते ताबडतोब थांबवा. आणखी स्वस्त मिळतंय म्हणून सरासरी पाडत बसू नका. बाजाराला काहीतरी दिसतंय जे आपल्याला दिसलेलं नाही, अशी शक्यता धरून निकाल, कर्ज आणि गहाणाचे आकडे पुन्हा वाचा. धंदा ठीक असेल तर घेतलेले ठेवा आणि नवा तळ बनेपर्यंत थांबा. वहीत लिहिलेलं 'मत चुकलं' असं कारण घडलं असेल तर तोट्यात का होईना, विकून बाहेर पडा.

दोन्ही का लागतात, ते एका बँकेवरून

येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या आसपास होता. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्या प्रमुखांची मुदत जानेवारी २०१९ पुरतीच मर्यादित केली आणि महिनाअखेर भाव दोनशेच्या खाली गेला. पुस्तकी मूल्याशी (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) तुलना करणाऱ्याला तो स्वस्त वाटला. २०१९ च्या मार्च-एप्रिलमध्ये तो पुन्हा अडीचशेच्या वर आला, तेव्हा नुसता चार्ट बघणाऱ्याला कल फिरला असं वाटलं. एप्रिलअखेर निकाल आला: तिमाहीत सुमारे १,५०७ कोटींचा तोटा. ३० एप्रिलला एका दिवसात भाव पाव हिश्शाहून जास्त कोसळला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो पस्तीसच्या खाली होता, आणि ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध येऊन ठेवीदारांना ५० हजारांची मर्यादा लागली.

आधी स्वस्ताईने फसवलं, मग चार्टने. बुडीत कर्जांचा आकडा खरा किती, हे बाहेरच्या माणसाला ताळेबंदातून कळणं कठीण होतं. म्हणूनच 'धंदा कळतोय का' ही चाळणी पहिली, आणि नवख्याने बँकांपासून लांब राहायचं.

टेलिग्राम-व्हॉट्सॲपवरच्या टिप्सबद्दल एवढंच: कुणी नाव सांगितलं तर ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि कागद वाचण्यापासून सगळ्या पायऱ्या त्यावर चालवा. हमखास परताव्याची भाषा करणाऱ्याचा नंबर बंद करा. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक हवा, आणि तो सेबीच्या साइटवर तपासता येतो.

विक्री आणि कर

भाव रास्त किमतीला, आपल्या उदाहरणात २७० ला, पोचला की पुन्हा हिशेब. कमाई वाढून रास्त भावच ३२० झाला असेल तर थांबा. नसेल तर निम्मे विका. उरलेले ४० आठवड्यांच्या सरासरीच्या वर आहेत तोवर ठेवता येतात. आठवड्याचा बंद भाव तिच्याखाली आला की तेही विकायचे. खरेदीत चार्टचं मी जेवढं ऐकते त्याहून जास्त विक्रीत ऐकते, कारण तेजीत भाव रास्त किमतीच्या बराच वर जाऊ शकतो आणि तो फायदा सोडायचं कारण नाही.

आंब्याचं उत्पन्न शेतीचं म्हणून आयकरातून मुक्त आहे. शेअरचा नफा तसा नाही, आणि बागायतदारांचा इथे फार गोंधळ होतो. २३ जुलै २०२४ पासून बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. बारा महिन्यांहून जास्त ठेवून विकले तर आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काही नाही, त्यावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. शिवाय खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्के एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) जातो. तेव्हा वहीत प्रत्येक हप्त्यासमोर खरेदीची तारीख हवीच: जूनमधला पहिला हप्ता आणि सप्टेंबरमधला तिसरा यांचे बारा महिने वेगवेगळ्या दिवशी भरतात, आणि विकताना आधी घेतलेले शेअर आधी विकले गेले असं धरलं जातं.